आखणीचे हात

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात काम केलं की अंगावर रंग कमी आणि किस्से जास्त चढतात. आंघोळीने रंग तरी जातो, किस्से जात नाहीत! आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या सुनंदाताईचे. ती रोह्याजवळच्या वरसे गावची, मी कासूची; सकाळची गाडी दोघींची एकच.

तिचं काम आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. आमच्यात याहून मानाचं काम नाही. आणि नेमके तिचेच हात बिघडले. लाल व्हायचे, खाजायचे, भेगा पडून रक्त यायचं.

*

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "संध्याकाळी हात कशाने धुता?"

"थिनरने. रंग चटकन निघतो."

"आणि ब्रश?"

"साबणाने! थिनरने केस खराब होतात त्याचे."

डॉक्टरीणबाईंनी मलमाची चिठ्ठी लिहिली. मग म्हणाल्या, "उद्यापासून स्वतःला ब्रश समजा!"

*

थिनर बंद. आधी खोबरेल चोळून रंग सुटा करायचा, मग सौम्य साबण, कोमट पाणी आणि लगेच मलम. कामाला बसताना आत सुती हातमोजे, वरून रबरी.

आम्ही चिडवायचो, "काय गो, ऑपरेशन हाय का आज?"

ती मान वर न करता म्हणायची, "व्हय. डोळ्याचं!"

*

रेशनच्या दुकानात तिचा अंगठा मशीनला पटेना. भेगांमुळे ठसाच उमटत नव्हता.

दुकानदार म्हणाला, "ताई, मशीन बोलतंय तुम्ही सुनंदा नाय."

"मग मी कोण, ते तरी विचार त्याला!"

आम्हाला सांगताना ती खूप हसली. मला मात्र वाईट वाटलं.

*

मलमाचाही एकदा घोळ झाला. बारीक रेघ मोज्यांत जमेना म्हणून तिने ते काढले, मलमाच्या बोटांनी मूर्तीचा गाल धरला आणि तिथे रंगच बसेना! कारखान्याचे शेठ भडकले. "सुनंदा, आखणी सोड आता. टेबलावर बस, गिऱ्हाईक बघ."

"टेबलावर दुसरं कोण पण बसंल. आखणी मीच करनार."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ती मोजे घालून एका फुटक्या मूर्तीवर रेघा मारत बसायची. मोजे घालून केसाएवढी रेघ ओढायची म्हणजे खायचं काम नाही. पण पठ्ठीने जमवलीच! शेठ म्हणाले, "ठीक. पण गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली, तर टेबल!"

*

हात बरेच भरून आले, डाग तेवढे राहिले. अशातच मुंबईच्या एक बाई मूर्ती ठरवायला आल्या. सुनंदाताई मोजे बदलत होती. तिचे हात बघून बाई शेठना म्हणाल्या, "यांनी हात लावलेली मूर्ती नको हं. आम्हाला लागण झाली तर?"

आमचे सगळ्यांचे ब्रश थांबले. शेठनी टेबलाकडे बघितलं.

सुनंदाताई शांतपणे म्हणाली, "बाई, हे थिनरनी झालंय, कुनाला लागत नाय. लागलं असतं तर पयला बाप्पाच खाजवत बसला असता! बघा तरी त्याच्याकडं."

बाईंनी बघितलं. सुनंदाताईने आखलेल्या त्या डोळ्यांवरून बराच वेळ त्यांची नजर हटेना. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या गौरींचे मुखवटे जुने झालेत. डोळे पार पुसट झालेत. यांच्याकडून आखून मिळतील?"

शेठ तोंड उघडायच्या आत सुनंदाताई मोजे चढवत म्हणाली, "आना. दोघींना बघत्या करते!"