दार उघडण्याआधी

लिफ्टच्या कामात अकरा वर्षं मी ज्यांच्या जोडीला होतो, त्यांना वर्कशॉपमध्ये सगळे पाठीमागे ‘नकारघंटा’ म्हणायचे. तोंडावर काका. आपल्याला काय म्हणतात हे काकांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. “घंटा वाजते म्हणून माणसं वाचतात,” म्हणायचे.

ते खोटंही नव्हतं. लिफ्टचा दोर नवा कोरा असला तरी काका त्याच्यावरून बोट फिरवत म्हणणार, “हा सहा महिन्यांत कुरकुरणार.” साहेबांना असा माणूस हवाच होता. पंचाईत अशी की ही नजर काका घरीही घेऊन जायचे. आकाश निरभ्र असलं तर उद्या उन्हाने डोकं दुखणार. मुलगी परीक्षेत पहिली आली तर, “पुढच्या वर्षी घसरेल, वरून खालीच येतात.” आणि खरंच काही बिघडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य: “मी म्हटलंच होतं.”

ते नऊ वर्षांचे असताना वडील सकाळी “आज लवकर येतो” असं सांगून कामावर गेले आणि आलेच नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, हातातला पाना पुसता पुसता. त्यानंतर चांगल्या शब्दावर त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही.

घर ख्रिस्ती. दर रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून चर्चमध्ये जात, शेवटच्या बाकावर बसत, परत येत. त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, मात्र सगळा जीव तिथे. जेवणाआधी प्रार्थना, झोपण्याआधी प्रार्थना, आणि प्रत्येक प्रार्थनेत आभार. “तिचं बरं आहे,” काका म्हणायचे. “जगात काय चाललंय ते तिला ठाऊकच नाही.” त्यांची आणखी एक तक्रार असायची. संध्याकाळी दमून भागून घरी जावं, कडी वाजवावी, तर ही बाई दार उघडायला इतका वेळ लावते की उभ्या उभ्या झोप लागावी.

त्या दिवशी आम्ही एका जुन्या कचेरीच्या इमारतीत होतो. काका लिफ्टच्या छपरावर उभे राहून बाजूची पट्टी तपासत होते. मी वरच्या मजल्यावर उघड्या दारापाशी, हातात बटणांची पेटी घेऊन लिफ्ट हळूहळू वर घेत होतो. लिफ्ट वर येते तेव्हा तिला तोलणारं लोखंडी वजन शेजारून खाली जातं. काका डावीकडे वाकले, नेमके त्या वजनाच्या वाटेत.

“काका, मागे व्हा!” मी ओरडलो. ते हललेच नाहीत. पुन्हा ओरडलो. शेवटी लाल बटण दाबलं. वजन त्यांच्या खांद्याच्या वर वीतभर थांबलं.

ते वळून माझ्यावरच डाफरले, “ओरडायला काय झालं होतं तुला?”

डाव्या कानाने त्यांना ऐकूच येत नव्हतं. किती दिवसांपासून, तेही त्यांना सांगता आलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, हा कान आता परत येणार नाही. लिफ्टच्या उभ्या पोकळीतलं, शाफ्टमधलं काम त्याच आठवड्यात बंद झालं. काकांना वर्कशॉपमधल्या टेबलावर बसवलं, दारांची कुलपं आणि ब्रेक दुरुस्त करायला. सव्वीस वर्षं उंचावर काम केलेला माणूस खिडकीपाशी स्टुलावर बसला आणि म्हणाला, “मी म्हटलंच होतं, आपला शेवट असाच होणार.”

पुढच्या रविवारी वहिनींनी मला जेवायला बोलावलं. टेबलाशी आम्ही चौघं. काका, वहिनी, मी आणि त्यांची मुलगी, जिचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. वहिनींनी डोळे मिटून प्रार्थना केली. बटणावर वेळेत हात गेला म्हणून त्यांनी माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. मला कुठे बघावं कळेना.

“आणि कान गेला त्याचं काय?” काका म्हणाले. “त्याचेही मानून टाक. तुझं काय, तुला सगळं गोडच.”

वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला.

“गोड?” त्या म्हणाल्या. “चोवीस वर्षं तुम्ही सकाळी डबा घेऊन बाहेर पडलात की संध्याकाळपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. रोज. तुम्ही कशावर उभे राहता ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? संध्याकाळी कडी वाजते तेव्हा मी दाराच्या आतच उभी असते. आधी देवाला म्हणते, आजही आणलंस, तुझे आभार. मग उघडते. म्हणून वेळ लागतो.”

भात निवत होता. काकांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.

मंगळवारी टेबलाशी काम करता करता ते आपण होऊन म्हणाले, “काल कडी वाजवली आणि दाराला कान लावला. काही ऐकू येईना. मग लक्षात आलं, डावा लावलाय.”

“मग?”

“मग उजवा लावला.” थोडा वेळ ते ब्रेकची तार खरवडत राहिले. “अशी बोलत होती, जणू देव आत स्वयंपाकघरात बसलाय. मी आजवर त्याला वरचा इन्स्पेक्टर समजत होतो. चुका काढत फिरणारा.”

त्यांनी स्वतः प्रार्थना सुरू केली ती अगदी अडखळत. पहिल्या दिवशी म्हणाले, “देवा, आज काही वाईट घडलं नाही.” वहिनी हसल्या, “हे आभार नव्हेत, हा तपासणीचा अहवाल झाला.” मग हळूहळू जमायला लागलं. गरम पाणी, उजवा कान, बसून करता येणारं काम. एकदा चर्चमधून आल्यावर मला म्हणाले, “प्रभूने शेवटच्या जेवणाला भाकर हातात घेतली आणि आभार मानले. उद्या क्रुसावर जायचंय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. इतकी वर्षं ऐकतोय, पण डोक्यात आज शिरलं. हे भोळ्यांचं काम नव्हे रे.”

लग्नाला तीन आठवडे उरले असताना मुलाकडच्यांनी नाही म्हणून कळवलं. धड कारणही दिलं नाही. काका पहिल्यापासून म्हणत आले होते की हे शेवटपर्यंत जाणार नाही. पुढचं मला वहिनींनी सांगितलं.

मुलगी दोन दिवस खोलीत बसून होती. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन बापासमोर उभी राहिली. “बोला, बाबा. म्हणा एकदाचं. तुम्ही म्हटलंच होतं.”

“म्हटलं होतं,” काका म्हणाले, “आणि चुकलंच माझं. तू आनंदात होतीस त्या चार महिन्यांत मी रोज माती कालवली. मला माफ कर, बाळ.”

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. काकाही गुडघे कुरकुरत असताना जमिनीवर बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली: “देवा, ह्या गोष्टीबद्दल आभार कसे मानतात ते मला येत नाही, आणि मी मानणारही नाही. पण पोरगी दार उघडून बाहेर आली, माझ्याजवळ येऊन रडतेय, त्याबद्दल तुझे आभार.” वहिनी म्हणाल्या, लग्न झाल्यापासून ह्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मुलगी सावरली, पण लगेच नाही. वर्षभराने तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला शिक्षिकेची नोकरी लागली. लग्नाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि घरात कोणी तिच्यामागे लागलंही नाही.

काका बदलले म्हणजे सदा हसतमुख झाले, असं कोणी समजू नये. काही दिवस त्यांना जड जायचे. सकाळी आल्या आल्याच सांगायचे, “आज माझ्याशी बोलू नकोस, आज मनात सगळं काळं आहे.” पूर्वी ते काळं आम्हा सगळ्यांच्या अंगावर उडायचं. आता ते टेबलाशी शांत बसत, ओठ हलवत, आणि दुपारच्या चहापर्यंत बहुधा निवळत. चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर सरकले. पाळकांनी कौतुक केलं तर म्हणाले, “इथे उजव्या कानाला नीट ऐकू येतं.”

पाच वर्षं त्या टेबलावर काढून ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी दोन शब्द बोला म्हटल्यावर उभे राहिले. “माझ्या बायकोमुळे मी आभार मानायला शिकलो, आणि प्रभूमुळे ते कुणाचे मानायचे ते कळलं. तुम्ही मला नकारघंटा म्हणायचात, त्याचेही आभार. नाव शोभत होतं.” सगळे हसले. ते खाली बसले आणि टाळ्या चालू असतानाच माझ्याकडे झुकून म्हणाले, “काल कान दाखवायला गेलो होतो, त्या दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक पुढच्या आठवड्यात बदलून घे. दगा देणार आहे.”

सोमवारी जाऊन आम्ही तो उघडला. आतला पट्टा अर्ध्यापर्यंत झिजलेला होता.