दादाची चकती आणि काकूंची शेगडी

"पोरगी मुकी हाय का हो?" शेजारच्या मावशींनी काकूंना हळूच विचारलं. मी दाराआडच उभी होते.

"न्हाई बा. हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकल्ती. आधी इंग्रजीत इचार करती, मंग मराठीत आणती. तवर समोरचा उठून जातो!"

अंगणात दादा घोकत होता. तो विमान चालवायला शिकत होता आणि परवा हैदराबादला परीक्षा होती. नापास झाला, तर बाबा त्याला आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाशी बसवणार होते. विमानातला उंचीचा काटा हवेच्या दाबावरून उंची दाखवतो, पण तापमान ठराविकच धरून चालतो. हवा त्याहून गरम असली, की विमान काटा दाखवतो त्यापेक्षा वर असतं. ही चूक काढायला दादाकडे एक गोल चकती होती. दाबाच्या उंचीसमोर तापमान फिरवून आणायचं आणि कडेला खरी उंची वाचायची. पुस्तक इंग्रजी, म्हणून वाचून दाखवायला मी.

त्या सकाळी चकती फिरेना. उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात, यात मला शाळेत पैकीच्या पैकी होते. कुणाला न विचारता (विचारायचं म्हणजे बोलावं लागतं!) मी ती सैल व्हायला काकूंच्या शेगडीवर धरली. चकती सेल्युलॉइडची, म्हणजे पातळ प्लास्टिकसारखी. तिचा पापड झाला! मी ती शेगडीच्या कडेलाच टाकून पळाले.

"काकू!" दादा किंचाळला. "परत दुधावर झाकली?"

"एकदाच झाकल्ती रे! बराबर मापाची व्हती म्हणून. आज न्हाई!"

"मंग काय ती चालत शेगडीवर गेल्ती?"

मी तोंड उघडलं. आत सगळं इंग्रजीत होतं. मी ते मिटलं.

दादाने चकती पाटाखाली ठेवली आणि पाटावर बाबांना बसवलं. दोन तासांनी ती सपाट झाली, वर फिरायलाही लागली. "आता बिलकुल ठीक!" दादा म्हणाला.

मी गुपचूप पडताळून पाहिलं. दहा हजार फूट, हवा दहा अंशांनी गरम. म्हणजे सुमारे चारशे फूट वाढायला हवेत. चकतीने हजार वाढवले! याच हिशेबाने दादा एखाद दिवशी आमच्या आष्टीच्या बाजारात उतरला असता, तोही भर गर्दीत.

सांगू, सांगू म्हणेपर्यंत स्टेशन आलं. काकूंनी एवढी बोलणी खाऊनही दादाला दशम्या बांधून दिल्या. गाडी हलली. मी धावले. काकू माझा हात धरून मागोमाग धावल्या. सगळा फलाट बघत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले,

"दादा, चकती फेकून दे! दहा अंशांना चार टक्के, गरम असेल तर अधिक! शेगडीवर मीच ठेवली होती, पण काकूंना सांगू नकोस!"