तिसरा कपॅसिटर

भिंगारच्या बाजारातल्या त्या स्पीकर दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कपॅसिटर बदलायचा असला की तो गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवी आणि पाठीमागे एकेक जोडून ऐकवी. कोणी हसलं तर म्हणे, "मीटरला कान हायेत का?"

दादा, म्हणजे आमचे वडील, गेले त्यानंतर महिन्याभरात त्यांचा स्पीकर तार तुटून मुका झाला. चर्चमध्ये त्यांनी गायलेल्या गीतांची कॅसेट आम्ही लहानपणापासून त्यावरच ऐकत आलो होतो. धाकटा भाऊ भंगारात द्या म्हणत होता. तरी सोबत आला. स्पीकर कुणाचा होता, ते मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं.

तार जोडली गेली. भावाने मीटर लावून पाहिला. "काका, यातला कपॅसिटर गेलाय. चांगला महागडा टाका."

"बसा भिंतीकडं तोंड करून," दुरुस्तीवाला मला म्हणाला आणि आम्ही आणलेली कॅसेट लावली.

पहिल्यांदा दादांचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला. दुसऱ्यांदाही तसाच, थोडा मऊ. तिसऱ्यांदा तो जरा बोथट झाला, आणि दादा आमच्या पुढच्या खोलीत गात असल्यासारखे वाटले. मी हात वर केला.

"ह्यो तुमचा जुनाच हाय."

"अहो, पण तो खराब आहे!" भाऊ चिडला. "मीटर दाखवतोय ना!"

दुरुस्तीवाल्याने मान वर केली नाही. जुनाच कपॅसिटर जागेवर धरून त्याने सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली.

"दाखवंल की. मीटरचा बाप न्हाई गेला."