मामाजीची भरमार अन् पाळण्यातली चिनू

पाळणा हलून राहिला होता अन् चिनू त्यात नव्हती... मी हात घालून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपडे उलटेपालटे केले. सहा महिन्याची पोट्टी, रांगत पण नाही, जाईल कुठं? मी चिनूच्या नावानं बोंबलली. आमचे हे अंगणातून म्हणाले, "काऊन बोंबलून राहिली? तिथंच असन."

"नाही ना... पाळण्यात नाही चिनू. तुम्ही या ना आधी."

हे हातातलं फडकं टाकून धावत आले. उंबरठ्यात पाय ठेवला अन् मागं अंगणात धडाम् झालं... शेगडीवर ठेवलेली बंदूक सुटली, निखारे उडाले, धूर झाला. समोरच्या कुडाच्या भिंतीले मुठीएवढं भोक. हे जिथं बसले होते, बराबर त्याच्या मागं.

मी सातवी शिकली, दिराच्या मोबाईलवर लिहून राहिली आहो. चुकलं तर समजून घ्या. भूतबित मी कधीच मानलं नाही. आमचं गाव केशोरीच्या बाजूले, जंगलाले लागून. तिथं राहून भ्यायचं तर डुकराले अन् अस्वलाले, एवढंच मले माहीत.

ती बंदूक माझ्या सासऱ्याची, मामाजीची. त्यायच्या आजापासूनची भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची ते. डुकरं धान खातात म्हणून मामाजी संध्याकाळी भरून बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जायचे, सकाळी खाली करून आणायचे. मागच्या कापणीत ते बांधीवरच वारले, झोपेतच. चिनू तेव्हा पोटात होती. लोकायनं त्यायले आणलं, कोणीतरी बंदूक पण आणली अन् गोठ्यात टांगली.

उन्हाळ्यात धानाच्या तणसाले आग लागली, गोठा जळाला. बंदुकीचा लाकडी दस्ता जळाला, दारू ठासायचा गज पण जळाला. नळी भिंतीच्या मातीखाली दबली, म्हणून तेवढी वाचली. ह्यायले वाटे, बापाची आठवण आहे, नीट करून भिंतीवर लावू. बिजाच्या लाकडाचा दस्ता ह्यायनंच कोरला, पंधरा दिवस. नळी लोहाराकडून कायमची बंद कराची होती, पण आधी गंज काढून जवसाचं तेल लावाचं, अन् तेल गरम नळीवरच बसते म्हणून शेगडीवर ठेवली.

भरली आहे का, पाहिलं होतं ह्यायनं. जुन्या गजावर खाच होती, खाच बाहेर राहिली तर बंदूक भरलेली. तो गज तर जळाला. नवा बांबूचा केला, आत घातला, टेकला. हे म्हणाले, खाली आहे. खाच कुठं होती, कोणाले माहीत? गज टेकला तो मामाजीनं त्या शेवटच्या संध्याकाळी ठासलेल्या दारूवर.

पण चिनू...

धूर सोडून आम्ही दोघंही आतल्या खोलीत धावलो. धानाच्या ढोलीमागं मामाजीची घोंगडी अंथरली होती, ते बसायले करत तशी चौघडी. अन् तिच्यावर चिनू बसली होती. तिले बसता येत नाही अजून. पाठीले काही टेकू नाही. वर पाहून हसून राहिली होती अन् मूठ उघडबंद करे, कोणाच्या मिशा ओढून राहिल्यासारखी. मी उचलली तर रडली.

ती घोंगडी मीच वरच्या बांबूवर टाकली होती, स्टूल घेऊन. मागच्या दाराची कडी आतून लागलेली. सासू शेतात होती.

सासूले सांगितलं तर तिनं घोंगडीवरून हात फिरवला. मग म्हणे, "जिवंतपणी एका लेकराले उचललं नाही बुढ्यानं. आता बरा आला." अन् पदरानं डोळे पुसले. हे तर नव्या दस्त्यावर हात ठेवून लहान पोरासारखे रडले.

आता नळी बंद करून आणली, बंदूक भिंतीवर आहे. कापणी लागली. चिनू दुसरीकडं झोपतच नाही, त्या घोंगडीवरच लागते. माझी आई म्हणते, नदीत सोड ते, लेकरू ओढून नेईल. सासू म्हणते, लेकरू ठेव तिच्यावर अन् ये बांधीवर, बुढा आहे.

परवा मी एक गुंड, म्हणजे हंडाभर, पाण्यापुरती गेली. जाताना आपोआप तोंडातून निघालं, मामाजी, पाहजा पोरीले. आली तर झोपली होती, गालाखाली हात देऊन. तो हात मी नव्हता दिला...

मले भेव वाटते, खोटं कायले बोलू. पण ज्यानं माझं कुंकू राखलं, त्याच्याजवळून लेकरू हिसकून घेऊ कसं? अजून काही समजलं नाही मले. तुमच्या घरात असं असतं तर तुम्ही घोंगडी नदीत सोडली असती, का लेकरू तिच्यावर ठेवून कामाले गेल्या असत्या?