तपासणीला उसने कपडे

धाकट्या भावाला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली, असं माय सगळ्यांना सांगायची. माझी कंबर सरळच आहे. वाकडी झाली होती ती शाळा. भडगावजवळ गिरणेच्या काठी आमचं गाव. माय केळीच्या बागांमध्ये मजुरीला जायची, वडील केळीच्या गाड्या भरायला. भावाला सांभाळायला मागे मीच. कधी हट्टाने त्याला घेऊन वर्गात जाऊन बसलेच, तर तो असं भोकाड पसरायचा की गुरुजी न बोलता दाराकडे बोट दाखवायचे. मग मी बाहेर, आणि तो लगेच गप्प! दुष्ट कुठला.

मग गावातल्या महिला मंडळाला सरकारचं अनुदान मिळालं आणि मारुतीच्या पाराशेजारच्या खोलीत पाळणाघर निघालं. मजुरी करणाऱ्या बायांच्या पोरांसाठी. सांभाळणाऱ्या बाईंचं मानधन, पोरांचं दूध आणि खिचडी, सगळं सरकारकडून. मायला काही द्यावं लागत नव्हतं. द्यावं लागलं असतं तर भाऊ माझ्याच कडेवर राहिला असता, हे तेव्हाही मला कळत होतं. सकाळी त्याला बाईंच्या हातात दिलं की मी शाळेकडे अशी पळायची, की तो मागे रडतोय का हेसुद्धा बघायची नाही.

एकदा बाईंनी आयांना सांगितलं, उद्या जिल्ह्याहून मॅडम तपासणीला येणार आहेत, पोरं स्वच्छ पाठवा. त्या एवढंच म्हणाल्या होत्या. पण आमच्या गल्लीची रीत अशी, की मोठ्या माणसासमोर पोर साध्या कपड्यात जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे नसेल तर मागून आणायचं. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! रात्रीतून अख्ख्या गल्लीने लग्नातले कपडे गोळा केले. माय कोपऱ्यावरच्या मारवाडी शेठाणीकडे गेली आणि तिच्या नातवाचा साटीनचा कोट नि चांदीचा करदोडा घेऊन आली. त्याहून मोठा शहाणपणा म्हणजे, दुपारी पोरांना पाजायला जायचंच नाही, असं बायांनी आपापसात ठरवलं. आपल्या मळक्या लुगड्यांनी पोरांची शोभा जायला नको!

शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी मॅडमना बघायला पाळणाघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत जणू वऱ्हाड उतरलं होतं. जरीच्या टोप्या, पैंजण, झालरींचे झगे. मॅडम एकेका पोराकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा कोरडा होत चालला होता.

"ही मजुरांची मुलं?" त्यांनी विचारलं.

"कपडे मागून आणलेत, मॅडम," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनीच?" मॅडम म्हणाल्या. "ही योजना गरजूंसाठी आहे. मी जे बघितलं तेच लिहिणार. मग अनुदान चालू राहील असं मला वाटत नाही. आया कुठे आहेत?"

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. भाऊ पुन्हा कडेवर, गुरुजींचं बोट पुन्हा दाराकडे. मी थेट बागेत पळाले आणि धापा टाकत मायला सगळं सांगितलं. ती विळा ठेवून घाईने निघाली, पण घराच्या दिशेने. "लुगडं बदलीसन येस," म्हणाली.

केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो कशानेही निघत नाही. तिचं कामाचं लुगडं त्या डागांनी पार काळं झालं होतं. त्या लुगड्यात ती कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसे. मी वाटेत आडवी झाले आणि किंचाळले, "नको बदलू! तशीच चाल!"

तिने एकदा आपल्या लुगड्याकडे पाहिलं. मग पाराच्या दिशेने वळली. बागेतून मागोमाग आलेल्या बाकीच्या बायाही तिच्यामागून निघाल्या.

पाळणाघरात भाऊ तिच्याकडे झेपावला, तर तिने आधी त्याला हात लावला नाही. साटीनला चीक लागायला नको म्हणून बाईंना त्याचा कोट काढायला लावला, करदोडाही. मग उघड्या पोराला कडेवर घेतलं आणि मान खाली घालून म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या शे. कपडा मांगीसन आणेल शे. मी केळीना बागमा मजुरीले जास."

मॅडमनी तिच्या लुगड्याकडे पाहिलं, मागे दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. मग नरमाईने म्हणाल्या, "पुढच्या वेळी मुलं रोजच्या कपड्यांतच पाठवा." अनुदान चालू राहिलं.

सरकारला मी आजही यथेच्छ शिव्या घालते, त्यात खंड नाही. पण त्या एका खोलीचं, त्या दूध-खिचडीचं ऋण मी विसरलेले नाही. मॅडमचंही नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी खरंच लिहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "आते शाळा बुडावू नको. समदास्ना सामने ते लुगडं मी उगाच नही दखाडं."

मी बुडवली नाही.