रेडिएटरमधली हळद

लग्न होऊन महाल भागातल्या सासरी आले तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सासरे वाळ्याच्या ताट्या, उन्हाळ्यात पाणी मारून गारव्यासाठी खिडक्यांना लावतात त्या, बांधून द्यायचे. मार्च लागला की कचेऱ्यांच्या, दवाखान्यांच्या खिडक्यांची मापं घेत ते जुन्या पिकअपमधून गावभर हिंडत. गाडी दारात आली की गल्लीभर वाळ्याचा वास सुटायचा. मी त्यांना मामाजी म्हणे, पण आमचं बोलणं असं नव्हतंच. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत, मी शेजारी उभी असले तरी.

त्या घरात हळद फार लागायची. महिन्याची हळद पंधरा दिवसांत डब्याच्या तळाला जाई. स्वयंपाक माझ्याकडे, तेव्हा संशयही माझ्यावरच.

"फोडणीत मूठभर टाकून राहिली का वं?" सासूबाईंनी एकदा विचारलंच. मी खाली मान घालून पोळ्या लाटत राहिले.

एप्रिलात परीक्षा आली. पहिल्या पेपरच्या दिवशी नवरा नेमका बाहेरगावी होता. मामाजी सासूबाईंना म्हणाले, "तिले म्हणा बस गाडीत. सोडून देतो."

सीताबर्डीच्या चौकापर्यंत पोचलो आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मामाजींनी गाडी कडेला घेतली. मी उतरून पुढे गेले तशी ते ओरडले, "हात नको लावू वं! झाकण उडालं तर तोंड भाजन तुह्यं!"

त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी धावत जाऊन सायकलरिक्षा थांबवली, मला बसवलं. रिक्षा वळताना मी पाहिलं, तर त्यांनी सीटखालून पाण्याचा डबा काढला होता आणि एक कागदाची पुडी. पुडीवर पिवळे डाग होते.

पेपर बरा गेला. संध्याकाळी ते अंगणात एकटे बसलेले पाहून मी धीर केला. "मामाजी, हळद तुम्ही नेता?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "हळू बोल. रेडिएटर गळते. हळद टाकली का छिद्र बुजते. सारेच ड्रायव्हर टाकतात."

"कधीपासून?"

"तीन उन्हाळे झाले असतीन. आधी चिमूटभर पुरे, आता मूठभर लागते." मग म्हणाले, "मिस्त्री म्हणते, आत चिखल झाला, फेकून द्या. या गाडीचा रेडिएटर आता भेटत नाही. कुठून आणू?"

माझ्या माहेरी विहिरीचं पाणी जड होतं. न्हाणीतल्या बंबाला आतून थर धरायचा आणि वडील दर दिवाळीआधी धुण्याचा सोडा उकळून तो सोडवायचे. मी ते सांगितलं. मामाजींनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या परीक्षा होऊ दे."

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीत सोडा कालवला. मामाजींनी तो रेडिएटरमध्ये ओतला, इंजिन चालू ठेवलं, मग बंद करून निवू दिलं. खालची तोटी उघडली तर थेंब येईना. त्यांनी आत तार घालून हलवली, आणि भसकन गाळ बाहेर आला. रात्रीच्या उरलेल्या पिठल्यासारखा घट्ट, गंजाच्या रंगाचा. आम्ही पुन्हा सोडा भरला, पुन्हा गाळ काढला. चौथ्या खेपेला नळाची रबरी नळी खालून लावली, तेव्हा वरून पिवळट पाण्याचे ओघळ गाडीच्या नाकावरून वाहायला लागले.

सासूबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. वास त्यांना आधी कळला.

"ही माही हळद हाय!"

मामाजी टायर न्याहाळायला खाली वाकले.

"आन् मी हिले बोलत होती," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघताच आत गेल्या. थोड्या वेळाने दोन कप चहा घेऊन आल्या. पहिला कप माझ्या हातात दिला.

पाणी नितळ झालं, आणि रेडिएटरच्या बाजूने एक बारीक धार उडाली. बुजलेलं छिद्र मोकळं झालं होतं. मला रडूच आलं. मामाजी मात्र मोठ्यानं हसले. "आता दिसलं ना कुठं हाय ते! दिसलं म्हणजे कथलाचा डाग देता येते." रेडिएटर खोलून त्यांनी डागकामवाल्याकडे नेला, दुपारपर्यंत बसवलासुद्धा. त्या उन्हाळ्यात गाडी एकदाही उकळली नाही.

पुढच्या मोसमात मी वही घेऊन त्यांच्यासोबत खिडक्यांची मापं लिहायला जाऊ लागले. बोलणं मग आपोआपच सुरू झालं. काही वर्षांनी घरोघरी कूलर आले, ताट्यांचं काम आटलं आणि गाडी विकली. मामाजीही आता नाहीत.

विकण्याआधी नंदनवन वस्तीकडच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला गाडी चालवायला शिकवली होती. शेजारी बसून ते अगदी निवांत असल्यासारखे बाहेर बघत, आणि त्यांचा उजवा पाय मात्र तिथे नसलेला ब्रेक घट्ट दाबून धरलेला असे.