कोकणावर रंधा

माझी पत्नी जुन्नरच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर शाळेने तिच्याकडे भारताचा उठावाचा नकाशा मागितला, मुलांना हाताने चाचपता येईल असा. ती वर्तमानपत्रं भिजवून वाटायची आणि त्या लगद्यात मेथीची पूड कालवायची. मेथीने लगदा चिकटतो, कीडही लागत नाही, असं तिचं म्हणणं. घरभर तोच कडसर वास. हिमालय झाला, पठार झालं, सह्याद्री झाला. दोन्ही किनारपट्ट्या तिने शेवटी घातल्या, कॉटवर बसून, फळी मांडीवर घेऊन. रंग द्यायचे राहिले आणि ती गेली.

चार महिन्यांनी मी तो नकाशा बाहेर काढला. शाळेत जायचा तर तिच्या हातून गेल्यासारखा, बिनचूक जावा, एवढंच मनात होतं. आयुष्य ग्रंथालयात गेलेलं, त्यामुळे आधी पुस्तकं पाहिली. सगळीकडे एकच: किनारपट्टीची मैदाने, पश्चिमेला अरुंद, पूर्वेला रुंद. तिची पूर्वेकडची पट्टी छान सपाट होती. पश्चिमेकडची चिंचोळी पट्टी मात्र सगळी गाठीगाठींची. हात थकले असतील, असं मला वाटलं. एका दुपारी बसून मी ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली.

शुक्रवारी नमाज आटोपून आमच्या आळीतला सुतार चौकटीचं माप घ्यायला आला. तो तिचा जुना विद्यार्थी; ती नकाशा करत असताना अधूनमधून येऊन चाचपून जायचा. नकाशावर हात फिरवताना तो मध्येच थांबला.

"सर, हे काय केलंत?"

"किनाऱ्याचं मैदान आहे ते."

"मैदान? माझी सासुरवाडी महाडला. त्या रस्त्यानं एसटीत कधी धड बसू दिलं न्हाई मला, आन तुमी म्हणता मैदान! राव, कोकणावर रंधा मारला तुमी."

"पुस्तकात तसंच आहे."

"मंग पुस्तकाला बी घ्या संगं. रविवारी नाणेघाटात जाऊ."

कित्येक दिवसांनी मी हसलो.

नाणेघाटात कड्यापाशी आपली घाटावरची जमीन एकदम संपते. खाली कोकण पसरलं होतं. समुद्र दिसत नव्हता. दिसत होती ती टेकाडं, एकामागे एक, आणि त्यांच्या मधल्या बेचक्यांत कापलेल्या भाताचे पिवळे तुकडे. त्यांच्यातून वाट काढत एक नदी वळणं घेत गेली होती. मैदान म्हणतात ते हेच.

सुतार प्रथमच हळू बोलला. "बाई दरवर्षी वर्ग घेऊन यायच्या इथं. त्यांनी बघून केलं व्हतं, सर."

ती मलाही बोलवायची. माझं नेहमी एखादं पुस्तक संपायचं राहिलेलं असायचं.

घरी येऊन मी तिचं पाठ्यपुस्तक उघडलं. ती गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. किनारपट्टीच्या धड्यापाशी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पूर्व चमच्याच्या पाठीने. पश्चिम बोटांनी.' म्हणजे मी घासून काढले ते तिच्या बोटांचे ठसे होते. पुस्तक मिटून मी बाजूला ठेवलं. मग उठून वर्तमानपत्रं भिजत घातली.

सकाळी लगदा वाटला, मेथी कालवली आणि सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत बोटांच्या टोकांनी चिमटे घेत गेलो. पुस्तक समोर नव्हतं, रविवारी पाहिलेलं कोकण होतं. काम अंगणात उन्हात चाललं होतं आणि मला ते संपायची घाई नव्हती. जेवायला बसलो तेव्हा बोटांना मेथीचा वास होता. तिच्या बोटांना असायचा तसाच.

लगदा वाळल्यावर सुतार चौकट घेऊन आला. डोळे मिटून त्याने किनारा चाचपला.

"बाईंची टेकाडं बारीक व्हती. तुमची लई जाड झाली."

"बोटंच जाड आहेत माझी."

"ऱ्हाऊ द्या. कोकण वळखू येतंय."

रंग मी दिले. पश्चिमेला मात्र एकच पातळ हात दिला, मुलांच्या बोटांना टेकाडं लागावीत म्हणून.